बार्बियानाची शाळा आणि तिचे परदेशी धाडलेले विद्यार्थी
(धर्मग्रामाच्या ज्युबिली सोहळ्यात दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या मंडपात प्राथमिक शाळेवर बोलावयास उभे राहिले म्हणजे वक्त्याचे काम बहुधा सोपे असते. शाळेची पहिली कौलारू खोली, पहिले मास्तर, त्यांच्या हातची छडी, शाळेतून पुढे फादर, सिस्टर, डॉक्टर, वकील झालेल्यांची नामावळी, आणि शेवटी इमारत निधीची आठवण, एवढे झाले की व्याख्यान पुरे होते. हे सर्व ह्या स्मरणिकेत अन्य लेखकांनी आमच्याहून अधिक अधिकाराने लिहिलेच आहे. आम्हांस मात्र शाळेचा इतिहास, मुलांचे शाळेतील जीवन आणि परदेशांशी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण असा तिहेरी विषय नेमून देण्यात आला. तो हाती येताच आम्ही ठरविले की, घरची स्तुती आज पुष्कळ होईल. आपण एका परक्या देशात एका धर्मगुरूने चालविलेल्या, जेमतेम तेरा वर्षे जोमात असलेल्या लहानशा शाळेची हकीकत सांगावी. ती ऐकून कोणास आपल्या शाळेची आठवण झाली, तर तो दोष किंवा गुण आमच्या माथी नसावा.

इटली देशात, फ्लॉरेन्स नगरापासून फार दूर नाही असे मुजेल्लो नावाचे खोरे आहे. त्यात विक्किओ हे गाव. जोत्तो हा थोर चित्रकार ह्याच परिसरात जन्मास आला असे परंपरा सांगते. साधू चित्रकार फ्रा आंजेलिको हेही ह्याच मुलखातले. विक्किओ सोडून मोंते जोवी डोंगराची वाट चढू लागले म्हणजे बार्बियाना लागते. 'लागते' असे म्हणावयाचे इतकेच. कारण तेथे गाव असे काही नाही. संत आंद्रेयाच्या नावाचे एक छोटे चर्च, त्यास टेकून फादरांचे घर, खाली लहानशी दफनभूमी, आणि रानात कोठे एक, कोठे दोन अशी विखुरलेली शेतकऱ्यांची घरे. १९५४ च्या डिसेंबरात, भर पावसाळी थंडीत, नवे फादर तेथे पोहोचले तेव्हा गाडीरस्ता नव्हता, विजेचा दिवा नव्हता, नळाचे पाणी नव्हते. तो धर्मग्राम तर बंदच व्हावयाचा होता.

सरकारी प्राथमिक शाळा मात्र तेथे होती. एक लहान खोली, एक शिक्षिका आणि त्याच खोलीत पाचही इयत्ता. आपल्यापैकी जे द्विशिक्षकी किंवा एकशिक्षकी शाळेत शिकले आहेत त्यांस अधिक सांगणे नको. एका इयत्तेला पाढे, दुसरीला शुद्धलेखन, तिसरीला गप्प बसणे! तासाचे पाच तुकडे केल्यावर प्रत्येक मुलाच्या वाट्यास जे येते त्यास शिक्षण म्हणावे काय? पुढे ह्याच मुलांनी लिहून ठेवले की, आपणांस ज्या शाळेचा हक्क होता तिचा एक अंशच आपल्या हाती आला. पाचवी झाली की पुढील शिक्षणासाठी डोंगर उतरून खाली जावे लागे. तेथे डॉक्टरच्या, दुकानदाराच्या मुलांशेजारी बसावे लागे, आणि पहिल्याच वर्षी नापासाचा शिक्का घेऊन परत यावे लागे. बाप म्हणे, देवाने ह्याला डोके दिले नाही. आणि दुसऱ्या दिवशी मुलगा मेंढरांमागे निघे.

आता ह्या फादरांविषयी. इटालियन लोक आपल्या धर्मगुरूस 'डोन' म्हणतात, म्हणून ते डोन लोरेन्झो मिलानी. त्यांचा जन्म २७ मे १९२३ रोजी फ्लॉरेन्स येथे धनिक व विद्वान कुळात झाला. पणजोबा दोमेनिको कोंपारेत्ती हे नामांकित भाषापंडित; आई आलिचे वाइस ज्यू घराण्यातील. घरात ग्रंथ होते, बाहेर जमीनजुमला होता. भक्ती म्हणाल तर नव्हती. मुलाचा स्नानसंस्कार झाला तो थेट १९३३ साली. तरुणपणी लोरेन्झो चित्रकलेकडे वळले, मिलान येथे शिकले. आणि १९४३ साली, युद्धाच्या धुमाळीत, सर्वांस चकित करून फ्लॉरेन्सच्या सेमिनरीत दाखल झाले. १३ जुलै १९४७ रोजी त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

त्यांची नेमणूक कालेन्झानो येथील सान दोनातो धर्मग्रामात, वृद्ध फादरांचे सहायक म्हणून झाली. आसपास कापडाच्या गिरण्या, लोक मजूर. तेथे त्यांच्या ध्यानी असे आले की, लोक चर्चमध्ये येतात, गुडघे टेकतात, पण वेदीवरून जे सांगितले जाते ते त्यांच्या कानांवरून जाते. श्रद्धेचा प्रश्न पुढचा. शब्दच अपुरे होते. ज्याच्याजवळ शब्द नाहीत त्याला मालक फसवितो, कचेरी फसवितो, आणि शुभवर्तमानही त्याच्यापर्यंत अर्धेच पोहोचते. म्हणून त्यांनी तरुण मजुरांसाठी रात्रशाळा काढली. त्या खोलीच्या भिंतीवरील क्रूस त्यांनी उतरवून ठेवला. हे ऐकून येथे कोणाच्या भुवया चढल्या असतील, तेथेही चढल्या. कम्युनिस्ट बापाच्या मुलाला ही पाद्र्याची जाळी वाटू नये, हा त्यांचा हेतू. हे योग्य की अयोग्य ह्याचा वाद आम्ही येथे मांडीत नाही. एवढेच सांगतो की, ज्या मुलांनी चर्चचा उंबरठा ओलांडला नसता ती मुले त्या खोलीत येऊन बसली. ह्या अनुभवांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९५८ साली रीतसर परवानगीने छापला गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रोमच्या आदेशाने विक्रीतून काढून घेण्यात आला. फादरांनी आज्ञा मानली. तो निर्बंध आता उरलेला नाही, हे २०१४ साली जाहीर झाले. मध्ये छप्पन्न वर्षे गेली.

असो. कालेन्झानोहून त्यांची बदली झाली ती बार्बियानास. बढती तर ती नव्हतीच. आल्यावर त्यांनी केलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे तेथील दफनभूमीत स्वतःसाठी जागा विकत घेणे. 'मी येथून जावयाचा नाही' हे लोकांना सांगण्याची ही रीत कोणत्याही प्रवचनापेक्षा स्पष्ट होती. वय अवघे एकतीस.

शाळा प्रथम भरू लागली ती संध्याकाळी; पुढे १९५६ साली, प्राथमिक शाळा आटोपलेल्या सहा मुलग्यांना घेऊन ती दिवसभराची झाली. त्या शाळेचे वर्णन करावयाचे म्हणजे ज्या वस्तू तेथे नव्हत्या त्यांचीच यादी आधी द्यावी लागते. बाके नव्हती, फळा नव्हता, शिक्षकाचा चौथरा नव्हता. फादरांच्या घरातील मोठी टेबले. त्यांवरच अभ्यास आणि त्यांवरच जेवण. प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत. मुले तिच्याभोवती दाटी करून बसत, त्यांतला एखादा किंचित मोठा मुलगाच शिकवीत आहे हे नवागताच्या प्रथम लक्षातही येत नसे. एप्रिल ते ऑक्टोबर वर्ग बाहेर झाडाखाली. थंडीत दोन खोल्यांत. आणखी दोन खोल्यांत सुतारकामाची व लोहारकामाची शाळा. टेबलखुर्च्यांपासून नक्षत्रे मोजण्याच्या यंत्रापर्यंत जे लागेल ते मुलेच घडवीत.

१९६३ सालच्या हिवाळ्याच्या तोंडाशी शाळेत एकोणतीस विद्यार्थी होते: सव्वीस मुलगे, तीन मुली. सर्वांत धाकटा अकरा वर्षांचा, थोरला अठराचा. त्यांतील नऊच त्या धर्मग्रामातले. पाच जण दूरचे म्हणून बार्बियानातील घरांतून राहत. बाकीचे पंधरा शेजारच्या धर्मग्रामांतून कोणी पायी, कोणी सायकलीने, कोणी फटफटीवर येत. एक मुलगा तर रानातून सुमारे दोन तास चालत येई व तितकाच चालत परत जाई. सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात अशी शाळा. मध्ये जेवणापुरती विश्रांती. सुटी? नाही. वर्षाचे ३६५ दिवस शाळा, लीप वर्षी ३६६. रविवारी मिस्सा असे, एवढाच काय तो फरक. खेळाचा तास नव्हता. हिवाळ्यात बर्फ पडले की जेवणानंतर एक तास बर्फावरून घसरत जाण्याची विद्या, आणि उन्हाळ्यात मुलांनी स्वतः बांधलेल्या लहानशा हौदात एक तास पोहणे, तेही पुढे उपयोगी पडेल म्हणून. डोंगरातली ही मुले पाण्याला भीत. तो भित्रेपणा ह्या हौदात गेला.

इतका वेळ शाळा म्हणजे छळ नव्हे काय, असा प्रश्न तेथे येणारे पाहुणेही विचारीत. उत्तर मुलेच देत. ज्याच्या घरच्या गोठ्यात छत्तीस गाई होत्या त्या पोराला शेण काढण्यापेक्षा शाळा केव्हाही बरी वाटे. ज्या घरी सुटी म्हणजे समुद्रकिनारा, त्या घरची मुले सुटीची वाट पाहतात. ज्या घरी सुटी म्हणजे गोठा, तेथील मुलाला सुटी कोणती? तरीही लहान मुलाच्या हातून खेळ काढून घेणे आम्हांस मानवत नाही, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. आपल्या अंगणवाडीतल्या किंवा पहिलीतल्या मुलास हा नियम लावू म्हणाल तर आम्ही प्रथम विरोध करू. आणि एकोणतीसांत तीनच मुली, हीही त्या शाळेची उणीवच. फादर बोलावीत; आईबाप धाडीत नसत. मुलीला डोक्याची गरज काय, ही समजूत त्या डोंगरातही होती.

शिकविणारे किती, म्हणाल तर तेवीस! सात धाकटी मुले सोडून बाकीचे बावीस जण आपल्याहून लहानांना शिकवीत. तेविसावे फादर, ते थोरल्यांपुरते. वर्गात सर्वांत मंद जो असेल तोच जणू एकटा विद्यार्थी आहे अशा रीतीने धडा चाले. त्याला समजल्याखेरीज कोणी पुढे जावयाचे नाही. हुशार मुलांचा खोळंबा होतो, ही तक्रार तेथे चालत नसे. कारण हुशार मुलगा त्याच वेळी शिकवीत असे, आणि शिकविणारा दुप्पट शिकतो हे ह्या सभेतील शिक्षक आमच्याहून चांगले जाणतात. रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई. शब्द अडला की थांबावयाचे. तो कोठून आला, कोणी कोणास फसविण्यासाठी वापरला, हे शोधावयाचे. एकेका शब्दावर तासन् तास जात. भिंतीवर दोन इंग्रजी शब्द लिहिलेले होते: 'आय केअर'. फादरांच्या बालपणी फॅसिस्टांच्या तोंडी जी घोषणा होती तिचा अर्थ आपल्या बोलीत सांगावयाचा तर 'मला काय त्याचे!' त्या घोषणेला दिलेले हे उत्तर. मला त्याचे आहे. माझा त्याच्याशी संबंध आहे.

आणि त्या डोंगरावर आपल्या देशाचाही एक पाहुणा पोहोचला होता. मूळ गुजरातीत लिहिलेले महात्मा गांधींचे आत्मचरित्र ती मेंढपाळांची मुले वाचीत. सॉक्रेटिसाचे बोल, शुभवर्तमाने, हिरोशिमाच्या विमानोड्डाणात भाग घेतलेल्या अमेरिकन वैमानिकाची पत्रे, आणि त्यांच्या जोडीला आपले गांधी. परीक्षेस हे काहीच लागत नव्हते.

आता देवाणघेवाणीकडे वळू. तिची सुरुवात पोस्टाच्या तिकिटापासून झाली, आणि तिचे मूळ पाहावयास आपणांस थोडे फ्रान्समध्ये जावे लागेल. दक्षिण फ्रान्समधील बार-स्युर-लू ह्या खेड्यात सेलेस्तँ फ्रेने हे प्राथमिक शिक्षक १९२० साली रुजू झाले. पहिल्या महायुद्धात फुप्फुसास जखम झाल्याने त्यांस वर्गात फार वेळ बोलवत नसे. बोलता येत नाही तर मुलांनाच बोलू द्यावे, ह्या विचाराने त्यांनी १९२४ साली वर्गात एक छोटे हातछपाईचे यंत्र आणले. मुले आपल्या गावच्या गोष्टी लिहीत, खिळे जुळवीत, छापीत. आणि ते कागद फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या समुद्रकाठच्या एका शाळेस पोस्टाने जात. तिकडून उत्तरे येत. डोंगरातल्या मुलांना समुद्र आणि समुद्रावरच्या मुलांना डोंगर अशा रीतीने मिळाला. आज युरोपातील शाळा एकमेकींशी संगणकावरून जोडण्याचा जो 'ई-ट्विनिंग' नावाचा उपक्रम २००५ सालापासून चालू आहे, त्याच्या घराण्याचा मूळपुरुष हा छापखाना म्हणावा लागेल.

इटलीत १९५१ साली काही शिक्षकांनी ही पद्धती उचलली. त्यांच्यापैकी मारिओ लोदी हे पो नदीच्या मैदानातील पियादेना गावाशेजारी, व्हो येथील प्राथमिक शाळेत शिकवीत. मुलांनी रचलेल्या गोष्टी पुस्तकरूपाने छापून आणणारे हे शिक्षक; २०१४ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ते वारले. १९६३ च्या उन्हाळ्यात ते बार्बियानास आले, आणि दोन्ही शाळांनी एकमेकींस पत्रे लिहावी असे ठरले. आम्ही वर जे आकडे दिले ते बार्बियानाच्या मुलांनी व्होच्या पाचवीतील मुलांना त्या नोव्हेंबरात लिहिलेल्या पत्रातले आहेत.

ते पत्र एका मुलाने लिहून बाकीच्यांनी सह्या ठोकल्या, असे झाले नाही. ह्या लेखनाची रीत ऐकण्यासारखी आहे. विषय ठरला की प्रत्येकाने खिशात कागदाचे तुकडे बाळगावयाचे आणि जे सुचेल ते, एका तुकड्यावर एकच विचार, असे लिहून ठेवावयाचे. मग एके दिवशी सर्व तुकडे टेबलावर पसरावयाचे. सारखे असतील ते काढून टाकावयाचे. उरलेल्यांचे ढीग लावावयाचे. प्रत्येक ढिगास नाव द्यावयाचे. नाव देता आले नाही तर तो ढीग फोडावयाचा. ढीग ओळीने लावले की पत्राचा सांगाडा तयार. त्यानंतर छाटणी: लांब वाक्य, जड शब्द, दोनदा आलेली गोष्ट, सगळे काढावयाचे. शेवटी ते बाहेरच्या माणसांना, विशेषतः फारसे न शिकलेल्यांना, वाचून दाखवावयाचे आणि जेथे ते अडतील तेथे पुन्हा लिहावयाचे. ज्याला शुद्धलेखन येत नाही त्याच्याही तुकड्यातला विचार पत्रात जाऊन बसे, आणि त्या मुलास प्रथमच कळे की आपल्याजवळ सांगण्यासारखे काही आहे.

परभाषा फादर शिकवीत त्या ग्रामोफोनच्या तबकड्या लावून. फ्रेंच, इंग्रजी, जर्मन. आधी कानाने ऐकावयाची, तोंडाने बोलावयाची, व्याकरण मागाहून. ह्याच्या उलट खालच्या गावच्या परीक्षेत फ्रेंच म्हणजे अपवादात्मक अनेकवचनांची यादी. बार्बियानाच्या मुलांनी असा एक विद्यार्थी पाहिला, ज्याला फ्रेंचमध्ये दहापैकी नऊ गुण होते. घुबड आणि गारगोटी ह्यांची अनेकवचने त्याला बिनचूक येत, पण फ्रान्समध्ये त्यास शौचालय कोठे आहे एवढे विचारता आले नसते. आपल्याकडील इंग्रजीच्या गुणपत्रिका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस हसण्याचा अधिकार आहे काय, हे त्यांनीच ठरवावे.

आणि मग ही मुले परदेशी निघत. येथे 'विद्यार्थी देवाणघेवाण' हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे विमान, गणवेश, निरोपाचे हार आणि परतल्यावरचा छायाचित्रांचा फलक उभा राहतो. आणि मुले कोणाची, तर ज्यांचे आईबाप खर्च सोसू शकतात त्यांची. बार्बियानाहून जी मुले इंग्लंडास, फ्रान्सला, जर्मनीस, कोणी उत्तर आफ्रिकेतील अरबी भाषेच्या मुलखात गेली, ती एकदा नापास ठरलेली शेतकऱ्यांची मुले होती. वय चौदा, पंधरा, सोळा. पैसे नसत, म्हणून ती कामाला जात. कोणी रस्त्यावरच्या मोटारीस हात करून प्रवास केला. एक जण फ्रान्समध्ये ग्रनोबल येथे खानावळीत भांडी घासावयास राहिला. तरुणांच्या वसतिगृहांत त्याची युरोपातल्या व आफ्रिकेतल्या मुलांशी गाठ पडली. घुबडाचे अनेकवचन न येताही त्याचे भागले, आणि आणखी भाषा शिकण्याची हाव धरून तो परत आला. एक भाषा पंडितासारखी येण्यापेक्षा चार भाषा कामापुरत्या येणे बरे, असा त्याचा हिशेब. आमच्या मते ह्या हिशेबात तथ्य आहे; गरिबाला जगाशी बोलावयाचे असते, जगाला व्याख्यान द्यावयाचे नसते.

गेलेल्या मुलांनी पत्रे लिहावयाची, आणि ती बार्बियानाच्या टेबलाभोवती सर्वांनी वाचावयाची, हा क्रम होता. तिकडे मजुरी किती मिळते, मालक कसा वागतो, कामगारांची संघटना आहे की नाही, काळ्या माणसाशी गोरा कसा बोलतो, हे विषय. राजवाडे आणि वस्तुसंग्रहालये दुय्यम. आईबापांची परवानगी मिळविणे, हे सर्वांत अवघड काम. ज्या बाईने फ्लॉरेन्सही धड पाहिले नाही तिने आपला पोर लंडनला धाडावा, ह्याला काय म्हणावे? फादरांचा तेवढा विश्वास लोकांना होता. आणि तो विश्वास, आमच्या मते, त्या दफनभूमीतल्या जागेच्या पावतीपासून सुरू झाला होता.

१९६० सालानंतर फादरांस लसीकाग्रंथींचा असाध्य विकार जडला. १९६५ साली सैन्यात जाण्यास सद्सद्विवेकाने नकार देणाऱ्यांची बाजू त्यांनी मांडली, त्यावरून खटला झाला. आजारामुळे त्यांनी आपले म्हणणे लिहून धाडले, आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये ते निर्दोष सुटले. वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरविला तेव्हा ते ह्या जगात नव्हते. इटलीने असा नकार कायद्याने मान्य केला तो १९७२ साली. शेवटच्या दिवसांत ते बिछान्यावरून शिकवीत. त्याच काळात दोन मुले शिक्षक होण्याच्या परीक्षेत नापास झाली, आणि त्यावरून आठ मुलांनी मिळून, तुकड्या-तुकड्यांच्या त्याच रीतीने, नापास करणाऱ्या बाईंना पत्राच्या रूपाने एक पुस्तक लिहिले. १९६७ च्या मे महिन्यात ते 'बार्बियानाची शाळा' एवढ्याच सहीने छापले गेले. २६ जून १९६७ रोजी फादर फ्लॉरेन्स येथे, आईच्या घरी, वारले. वय चव्वेचाळीस. देह बार्बियानास आणला गेला. जागा घेऊन ठेवलेलीच होती. ते पुस्तक पुढे कित्येक भाषांत गेले; मराठीत ते 'प्रिय बाई' ह्या नावाने वाचावयास मिळते.

त्या पुस्तकाचा गाभा म्हणजे मोजणी. मुलांनी हजेऱ्या आणि सरकारी आकडे गोळा करून, पहिलीत बसलेल्यांपैकी कोण कोठे गळाला, त्याचा बाप काय करीत होता, हे कोष्टकांत मांडले. १९६२ च्या कायद्याने इटलीने चौदा वर्षांपर्यंतची शाळा सर्वांस एकच केली होती. दार उघडे होते. मुलांनी दाखविले की उघड्या दारातून गरिबांची मुले आत येतात आणि खिडकीतून बाहेर टाकली जातात. ह्या आकडेवारीबद्दल इटलीच्या भौतिकशास्त्र परिषदेने त्यांस पारितोषिक दिले. उपायही त्यांनी तीनच सांगितले: नापास करू नका, जे मंद वाटतात त्यांस दिवसभराची शाळा द्या, जे आळशी वाटतात त्यांच्यापुढे काही ध्येय ठेवा. नुसते वर ढकलणे हा त्यांचा उपाय नव्हे, हे ध्यानात घ्यावे. पहिल्या उपायाला दुसऱ्या दोहोंची जोड नसेल तर तो मुलाची फसवणूकच ठरतो.

हा प्रश्न आपल्याकडे जुना झालेला नाही. आपल्या देशात २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि आठवीपर्यंत कोणासही मागे ठेवू नये असे ठरले. २०१९ साली त्यात दुरुस्ती होऊन पाचवीत व आठवीत परीक्षा घेण्याची, एक संधी पुन्हा देण्याची, आणि त्यानंतर मागे ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली. कोणी म्हणेल, बरे झाले, शिस्त आली. आम्ही विचारतो, मागे राहणार कोण? आपल्या वसई-पालघरच्या पट्ट्यात दिवाळी झाली की वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे आहेत. वारली घरांतील मुले आहेत. दूरच्या जिल्ह्यांतून, दूरच्या राज्यांतून कामासाठी आलेल्यांची मुले आहेत. त्यांतील कित्येकांची बोली शाळेच्या पुस्तकातील नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी स्वतःची मुले इंग्रजी शाळांत घातली. त्यात आम्ही दोष पाहत नाही. परंतु त्यामुळे मराठी प्राथमिक शाळेच्या बाकावर आज जो मुलगा बसला आहे तो बहुधा आपल्या नात्यातला नाही, म्हणून त्याची गळती आपल्या कानावर येत नाही, हे नाकारता येईल काय? 'मला काय त्याचे' हे शब्द उच्चारावे लागत नाहीत; ते आपोआप घडतात.

बार्बियानाच्या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, ही उत्सुकता आपणांस असेल. पुष्कळसे कामगार संघटनांत व शाळांत शिरले. त्यांतील मिकेले जेसुआल्दी हे फ्लॉरेन्स प्रांताचे अध्यक्ष झाले. २०१८ साली ते वारले. २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस त्या डोंगरावर गेले, फादरांच्या थडग्यापाशी त्यांनी प्रार्थना केली आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांस भेटले. २०२३ साली जन्मशताब्दीस इटलीचे राष्ट्राध्यक्ष तेथे आले होते. वर्गाची खोली, टेबले, हौद, सारे जतन केलेले आहे. चर्चमध्ये मुलांनी रंगीत काचतुकड्यांचे केलेले एक चित्र आहे: एक बालसाधू पुस्तक वाचीत आहे, आणि पुस्तकाने त्याचा चेहरा झाकला आहे. तो कोणाही मुलाचा चेहरा असू शकतो, म्हणून झाकलेला.

ज्युबिली समितीपुढे आमच्या दोन सूचना आहेत, आणि फादरांच्या अनुमतीने त्या येथे मांडतो. पहिली अशी की, ह्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या सत्काराबरोबर, गेल्या दहा वर्षांत चौथीच्या आत किंवा चौथी होताच ज्यांची नावे पटावरून गेली त्यांची यादी करावी. दर पाड्यास आणि दर आळीस दोन माणसे नेमावी, आणि ती मुले आज काय करतात हे घरी जाऊन विचारून यावे. दुसरी अशी की, चौथीच्या मुलांनी बार्बियानाच्या रीतीने, तुकड्यांवर लिहून, एक पत्र तयार करावे आणि ते परदेशातील एखाद्या प्राथमिक शाळेस धाडावे. आपल्या धर्मग्रामाची माणसे आखातात आहेत, कॅनडात आहेत, जहाजांवर आहेत. पत्ता मिळण्यास अडचण पडू नये. पत्र मराठीतच लिहावे; भाषांतर करून देण्यास आम्ही तयार आहोत. मात्र ज्याला अजून नीट लिहिता येत नाही त्याचाही तुकडा त्यात असावा. शाळेचे जुने हजेरीपट कार्यालयाच्या कपाटात आहेत, आणि पुढल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर ते उघडण्याचे मुख्याध्यापिका बाईंनी कबूल केले आहे.